गोळी थांबविल्यानंतरचे दिवस

नैराश्यावरील औषध केव्हा सुरू करावे, त्याची मात्रा किती असावी आणि गुण येण्यास किती आठवडे लागतात, यांविषयी वैद्यकीय ग्रंथांत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते थांबवावे कसे, या प्रश्नाच्या वाट्याला मात्र फार काळ एखादे वाक्यच येत असे: मात्रा हळूहळू कमी करावी. हळूहळू म्हणजे किती दिवसांत, किती पायऱ्यांनी, आणि तसे करताना शरीरात जे घडते त्याचा अर्थ काय लावावयाचा, हे त्या वाक्यात नसे. वास्तविक ज्याने औषध घेतले आहे अशा बहुतेक प्रत्येकावर ते थांबविण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. काहींवर तो वैद्याच्या सल्ल्याने येतो, पुष्कळांवर न ठरविता येतो.

एक उदाहरण कल्पनेने उभे करू. मध्यम वयाची एक शिक्षिका दीड वर्षापासून पॅरॉक्सेटीन हे औषध घेत आहे. तिचे मन स्थिरावले आहे, झोप लागते, वर्गात पूर्वीप्रमाणे शिकविता येते. दिवाळीच्या सुटीत माहेरी जाताना ती गोळ्यांचे पाकीट घरीच ठेवते. आता बरे वाटत आहे, मग गोळी कशाला, असा साधा विचार त्यामागे असतो. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर येऊ लागते. पोटात ढवळते, घाम फुटतो, रात्री भडक व लांबलचक स्वप्ने पडतात. डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फिरविताच डोक्यात क्षणभर वीज चमकून गेल्यासारखा झटका बसतो. क्षुल्लक गोष्टीवरून रडू येते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, आजार उलटला. भाऊ म्हणतो, ताईला गोळ्यांचे व्यसन लागले.

ही दोन्ही अनुमाने बहुधा चुकीची आहेत, आणि त्यांचे परिणाम दूरवर पोहोचतात. आजार उलटला असे मानले तर ती भीतीपोटी पुढील कित्येक वर्षे औषध सोडण्याचा विचारही करणार नाही. व्यसन लागले असे मानले तर उरलेल्या गोळ्या फेकून देण्यात येतील, आणि पुढे कधी खरोखर नैराश्याने गाठले तरी ती वैद्याकडे जाणार नाही. जे घडत आहे त्याला तिसरे स्पष्टीकरण आहे. औषधाशी जुळवून घेतलेले शरीर औषधावाचून चालावयास पुन्हा शिकत आहे. या अवस्थेतील त्रासाला आपण या प्रकरणात 'विराम-लक्षणे' म्हणू.

या लक्षणांचा शोध अलीकडचा आहे, असा समज आढळतो. तो खरा नाही. आधुनिक नैराश्यरोधक औषधांपैकी पहिल्या काहींमध्ये गणले जाणारे इमिप्रामीन स्वित्झर्लंडमध्ये उदयास आले. बाझेल येथील गायगी कंपनीने तयार केलेले हे रसायन कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगन येथील मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी रुग्णांना देऊन पाहिले, आणि नैराश्यावरील त्याचा गुण त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ साली, हे औषध अकस्मात थांबविले असता रुग्णांना मळमळ, घाम, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो अशी निरीक्षणे वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. १९६१ साली अमेरिकेत याच विषयावर स्वतंत्र लेखही प्रसिद्ध झाला. म्हणजे औषधाची कीर्ती आणि ते सोडण्यातील अडचण या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी जगापुढे आल्या. लक्ष मात्र पहिलीकडेच गेले.

पुढे १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली आणि मेंदूतील सिरोटोनिन या रसायनावर प्रामुख्याने कार्य करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. ही औषधे जुन्या औषधांपेक्षा निर्धोक होती. चुकून वा जाणूनबुजून अधिक गोळ्या घेतल्या गेल्या तरी प्राणावर बेतण्याचा संभव पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी झाला, यास्तव सामान्य वैद्यही ती मोकळेपणाने देऊ लागले. कोट्यवधी लोक ती घेऊ लागल्यावर ती सोडणाऱ्यांची संख्याही वाढली. १९९० नंतरच्या दशकात पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांविषयीच्या तक्रारी इतक्या झाल्या की तज्ज्ञांना त्यांची दखल घ्यावी लागली. या अवस्थेला इंग्रजीत जे नाव देण्यात आले त्याचा शब्दशः अर्थ 'सातत्य तुटल्याने होणारा लक्षणसमूह' असा होतो. अफू किंवा मद्य सोडताना होणाऱ्या त्रासाला जो शब्द रूढ होता तो येथे मुद्दाम टाळला गेला. यामागे रुग्णांना व्यसनाचा धसका बसू नये हा हेतू असेल. औषधविक्रेत्या कंपन्यांनाही हे सौम्य नाव सोयीचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाव सौम्य असल्यामुळे त्रासही सौम्यच असणार, असा ग्रह मात्र अनेक वैद्यांचा झाला आणि रुग्णांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झाले.

शरीरात काय घडते

मेंदूतील मज्जापेशी एकमेकींना संदेश पाठविण्यासाठी काही रसायने वापरतात. सिरोटोनिन हे त्यांपैकी एक. एका पेशीतून ते बाहेर पडते, पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांना स्पर्श करते, आणि मग पहिली पेशी ते पुन्हा आत ओढून घेते. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधे हे आत ओढण्याचे द्वार अडवून धरतात. त्यामुळे दोन पेशींमधील फटीत सिरोटोनिन अधिक काळ राहते. परंतु मेंदू ही काही निमूटपणे सहन करणारी वस्तू नव्हे. आठवड्यामागून आठवडे ही अवस्था टिकली की तो आपल्या ग्राहकांची संख्या व संवेदनक्षमता बदलून नव्या स्थितीशी मेळ घालतो. मग एके दिवशी औषध थांबते. द्वार मोकळे होते, फटीतील सिरोटोनिन घटते. ग्राहकांची मांडणी मात्र अद्याप जुन्या, औषधाच्या काळातील असते. ती पूर्ववत होण्यास वेळ लागतो, आणि या मधल्या काळातील विसंगती चक्कर, मळमळ, बेचैनी अशा रूपांनी जाणवते. सिरोटोनिनचा संबंध केवळ मनाशी नाही. आतडी, झोप, शरीराचे तापमान, तोल या सर्वांशी तो आहे. लक्षणे इतक्या निरनिराळ्या ठिकाणी उमटतात ती यामुळे.

औषध शरीरातून किती वेगाने जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास जो काळ लागतो त्यास अर्धायुकाल म्हणतात. पॅरॉक्सेटीनचा अर्धायुकाल सुमारे २१ तास आहे. व्हेन्लाफॅक्सिनचा अवघा ५ तासांच्या आसपास असून त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या कार्यक्षम घटकाचा सुमारे ११ तास आहे. म्हणूनच हे औषध घेणाऱ्या काहींना एक मात्रा चुकली तरी संध्याकाळपर्यंत डोके गरगरू लागते. याउलट फ्लुओक्सेटीन दीर्घकाळ सेवनानंतर ४ ते ६ दिवसांनी निम्मे होते, आणि त्यापासून बनणारा घटक तर ४ ते १६ दिवस घेतो. ते थांबविले तरी शरीर स्वतःच कित्येक आठवडे त्याची मात्रा उतरवीत असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २४२ रुग्णांची औषधे त्यांना नकळत ५ ते ८ दिवस खंडित करून त्यांऐवजी निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. पॅरॉक्सेटीन घेणाऱ्यांत लक्षणे सर्वांत अधिक, सर्ट्रालीन घेणाऱ्यांत त्याहून कमी आणि फ्लुओक्सेटीन घेणाऱ्यांत नगण्य अशी आढळली. फ्लुओक्सेटीनच्या उत्पादकानेच या प्रयोगाचा खर्च उचलला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तथापि निष्कर्ष अर्धायुकालाच्या गणिताशी जुळतो आणि इतरांच्या अनुभवाशीही.

आता भावाच्या शंकेकडे वळू. व्यसनात मनुष्याला त्या पदार्थाची ओढ लागते, तेवढ्याच परिणामासाठी अधिकाधिक मात्रा हवी होते, आणि तो मिळविण्यासाठी माणूस घरदार पणाला लावतो. नैराश्यरोधक गोळीची अशी ओढ कोणाला लागत नाही; उलट ती विसरली जाते हीच वैद्यांची नेहमीची तक्रार. शरीराला एखाद्या पदार्थाची सवय होणे ही गोष्ट निराळी, आणि ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रमजानच्या पहिल्या एक-दोन दिवसांत अनेक रोजेदारांचे डोके दुपारनंतर ठणकते. त्याचे एक कारण उपास असले तरी सकाळपासूनचा चहा तुटणे हे दुसरे कारण असते. पर्युषणातील कडक उपवास करणाऱ्या जैन कुटुंबांतही हा अनुभव नवा नाही. रक्तदाबावरील काही गोळ्या किंवा दम्यासाठी दीर्घकाळ दिलेली स्टिरॉइड औषधे एकाएकी सोडता येत नाहीत ती याच न्यायाने, आणि त्या रुग्णांना कोणी व्यसनी म्हणत नाही.

आजार परतला, की औषध सुटत आहे?

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. दोहोंत रडू येते, झोप उडते, चिंता वाटते. त्यामुळे अनुभवी वैद्याचीही फसगत होऊ शकते. तरीही भेद ओळखण्याच्या काही खुणा आहेत.

पहिली खूण काळाची. विराम-लक्षणे बहुधा मात्रा कमी केल्यावर किंवा थांबविल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होतात. नैराश्य परतावयाचे झाल्यास ते सहसा कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पावलापावलाने येते: प्रथम कामातील रस जातो, मग माणसे नकोशी होतात, मग सकाळ जड वाटू लागते. फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत ही खूण कच्ची पडते, कारण त्याची लक्षणेही उशिरा, कधी काही आठवड्यांनी येतात.

दुसरी खूण लक्षणांच्या जातीची, आणि माझ्या मते ती अधिक भरवशाची आहे. डोक्यातील विजेसारखा झटका, बोटांत मुंग्या येणे, चालताना होडीत उभे असल्यासारखा तोल जाणे, ज्वर नसता सर्दी-तापासारखे अंग मोडून येणे, ही नैराश्याची लक्षणे नव्हेत. रुग्णाला एकच प्रश्न विचारावा: आजारी पडला होता तेव्हा असे कधी झाले होते काय? शिक्षिकेचे उत्तर 'नाही, हे काही वेगळेच आहे' असे येईल, आणि त्या उत्तराला रक्ताच्या तपासणीइतकेच मोल आहे. कारण या अवस्थेसाठी रक्ताची कोणतीही तपासणी उपलब्ध नाही.

तिसरी खूण औषध पुन्हा सुरू केल्यावर दिसते. विराम-लक्षणे असतील तर पूर्वीची मात्रा घेतल्यानंतर ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. परतलेले नैराश्य इतक्या लवकर हटत नाही. त्याला पूर्वीप्रमाणेच काही आठवडे द्यावे लागतात.

अर्थात दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकामागून एक, घडू शकतात. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि आता बरे वाटत असलेल्या ४७८ व्यक्तींचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी शेकडा ३९ जणांना, तर थांबविणाऱ्यांपैकी शेकडा ५६ जणांना नैराश्याने पुन्हा गाठले. थांबविण्यात जोखीम आहे हे यातून स्पष्ट होते. पण औषध घेत असतानाही अनेकांना आजार परतला, आणि सोडूनही शंभरांतील ४४ जण सुखरूप राहिले, हेही त्याच आकड्यांत आहे.

विराम-लक्षणे किती जणांना होतात, यावर मोठा वाद झाला. २०१९ साली दोन ब्रिटिश संशोधकांनी हे प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याचे मांडले. त्यांच्या आधारसामग्रीत स्वतःहून माहिती भरून पाठविणाऱ्यांचा भरणा होता, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. २०२४ साली जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास व सुमारे २१ हजार रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला. औषध थांबविणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षण जाणवले. पण निष्क्रिय गोळी थांबविणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना जाणवले. म्हणजे काही वाटा अपेक्षेचा आणि भीतीचा असतो. तो वजा केल्यास सहा-सात जणांमागे एकाला औषधामुळे त्रास होतो, असे म्हणता येते. तीव्र त्रास सुमारे पस्तिसांत एकाला झाला. या अभ्यासांतील बहुतेक रुग्णांनी औषध थोडे महिनेच घेतले होते, वर्षानुवर्षे घेतलेले नव्हते, ही गोष्ट आकड्यांमागे दडून जाऊ नये. पस्तिसांत एक हे प्रमाण लहान वाटेल. औषध घेणाऱ्यांची संख्या पाहता ती माणसे थोडी नाहीत.

उतरण्याची वाट

उपचाराची खरी कसोटी येथे लागते. बहुतेकांच्या मनात मात्रा कमी करण्याचे जे गणित असते ते सरळ रेषेचे असते: वीस मिलिग्रॅम, मग दहा, मग पाच, मग शून्य. मेंदू या गणिताने चालत नाही. किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने मेंदूची चित्रे घेऊन, किती मात्रेत सिरोटोनिनची किती द्वारे अडविली जातात हे मोजण्यात आले आहे. सिटालोप्रॅम या औषधाची रोजची मात्रा २० मिलिग्रॅम असता सुमारे ८० टक्के द्वारे अडतात. ती ६० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तिप्पट केली, तरी हा आकडा ८८ च्या पुढे जात नाही. खाली उतरताना मात्र चित्र पालटते. सुमारे ९ मिलिग्रॅमला ७० टक्के, साडेपाचच्या आसपास ६० टक्के, साडेतीनच्या आसपास ५० टक्के, आणि दीड मिलिग्रॅमसारख्या किरकोळ वाटणाऱ्या मात्रेलाही ३० टक्के द्वारे अडलेली असतात.

याचा अर्थ असा की साठावरून चाळिसावर येणे ही वीस मिलिग्रॅमची उडी मेंदूला जेमतेम कळते, आणि पाचावरून शून्यावर येणे ही केवळ पाच मिलिग्रॅमची उडी त्याला कड्यावरून पडल्यासारखी वाटते. सह्याद्रीतील एखादा किल्ला उतरलेल्यांना हे चटकन पटेल. माथ्यावरचे पठार आरामात तुडविता येते, पाऊल जपून टाकावयाचे ते शेवटच्या घसरणीवर. 'निम्म्या गोळीपर्यंत काहीच त्रास झाला नाही, आणि ती निम्मी सोडताच सारे सुरू झाले,' ही तक्रार रुग्णांकडून पूर्वीपासून येत असे. तिचे कारण येथे आहे. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली या आधारावर सुचविले की प्रत्येक पायरी मूळ मात्रेच्या नव्हे, तर मागच्या मात्रेच्या प्रमाणात घ्यावी, म्हणजे पायऱ्या आपोआप लहान लहान होत जातात. आणि शेवटची उडी अतिशय अल्प मात्रेवरून मारावी. मेंदूच्या चित्रांचा या विचाराला आधार आहे. निरनिराळ्या गतींची प्रत्यक्ष तुलना करणारे मोठे प्रयोग मात्र अद्याप थोडे आहेत.

व्यवहारात याचे रूप माणसागणिक बदलते. ज्याने काही महिनेच औषध घेतले आहे आणि एखादी मात्रा चुकल्यावर ज्याला काही जाणवले नाही, त्याला एक-चतुर्थांश किंवा निम्मी मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी कमी करणे बहुधा मानवते. वर्षानुवर्षे औषध घेतलेल्याला, किंवा पूर्वी एकदा सोडताना जो हैराण झाला त्याला, मागच्या मात्रेचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी अशा पायऱ्या लागू शकतात, आणि सारा प्रवास वर्षाहून अधिक लांबू शकतो. प्रत्येक पायरीनंतर लक्षणे उमटून शमेपर्यंत थांबावे. असह्य झाल्यास मागच्या पायरीवर परत जावे आणि पुढील वेळी लहान पाऊल टाकावे. ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२० साली रुग्णांसाठी काढलेल्या पत्रिकेत, आणि तेथील २०२२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही, याच धर्तीचा सल्ला आहे.

एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. अनेक जण, कधी वैद्यांच्या सांगण्यावरूनही, एक दिवसाआड गोळी घेऊन औषध कमी करू पाहतात. हिशेबाला हे सोपे असले तरी अल्प अर्धायुकाल असलेल्या औषधात त्याचा परिणाम विपरीत होतो. रक्तातील प्रमाण एक दिवस चढते व दुसऱ्या दिवशी कोसळते, म्हणजे दर दोन दिवसांनी एक लहानसा विराम घडतो. मात्रा रोज घ्यावी आणि रोजचीच कमी करावी.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. परदेशांत काही औषधे द्रवरूपात मिळतात. नेदरलंड्समध्ये तर उतरत्या मात्रांच्या गोळ्यांच्या पट्ट्याच बांधून देण्याची सोय निघाली. आपल्या औषधाच्या दुकानात एस्सिटालोप्रॅमची ५ मिलिग्रॅमची गोळी मिळेल, एकाची मिळणार नाही. साधी गोळी कापण्याच्या डबीने अर्धी, पाव करता येते. परंतु सावकाश विरघळण्यासाठी बनविलेली गोळी कापता किंवा कुटता कामा नये. तसे केल्यास दिवसभराचे औषध एकदम शरीरात उतरते. व्हेन्लाफॅक्सिन व ड्युलोक्सेटीन यांच्या कॅप्सूलविषयीही वैद्याला किंवा औषधनिर्मात्याला विचारल्यावाचून काही करू नये. काही वेळा वैद्य अल्पायुषी औषधाऐवजी फ्लुओक्सेटीन सुरू करतात आणि मग ते उतरवितात. हा बदल स्वतः करावयाचा नाही, कारण दोन औषधे एकत्र आल्याने सिरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

आणखी एक गोष्ट विशेषतः भारतातील वाचकाने आपल्या पाकिटावर पाहावी. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनॅझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत घालून आपल्याकडे सर्रास विकली जातात. रुग्णाला वाटते, आपण एक गोळी घेतो. थांबवितो तेव्हा तो दोन औषधे थांबवीत असतो. क्लोनॅझेपाम शामक वर्गातील आहे, त्याची सवय निराळ्या प्रकारची असते, आणि दीर्घ सेवनानंतर ते एकाएकी सोडल्यास फेफऱ्याचा झटकासुद्धा येऊ शकतो. अशा जोडगोळीतील दोन्ही औषधे प्रथम सुटी करून घेणे आणि मग एका वेळी एकच उतरविणे हेच शहाणपणाचे.

रोजच्या जगण्यात

वेळ निवडण्यास महत्त्व आहे. बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा महिने, आणि आजार वारंवार परतणाऱ्यांनी दोन वर्षे किंवा अधिक, औषध चालू ठेवावे असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानंतरही परीक्षा, लग्नकार्य, बदली, घरातील आजारपण असा काळ टाळावा. विवाह ठरताना सासरी कळू नये म्हणून मुलीच्या गोळ्या एका आठवड्यात बंद करण्याचा प्रकार आपल्या समाजात घडतो. नव्या घरातील पहिले पंधरा दिवस आणि विराम-लक्षणे ही जोड किती निर्दय आहे, हे आईवडिलांच्या ध्यानी येत नाही. गर्भधारणेच्या बाबतीतही घाईने गोळ्या फेकू नयेत; शक्यतो आधीच वैद्यांशी बोलून योजना करावी, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य मातेला व गर्भाला दोघांनाही अपायकारक असते.

लक्षणे सुरू झाली म्हणजे काय करावे? सौम्य असल्यास ती बहुधा एक-दोन आठवड्यांत निवळतात, इतके ठाऊक असणे हाच निम्मा उपचार आहे. थोड्यांच्या बाबतीत ती महिनोन्महिने रेंगाळतात, आणि त्यांना 'हे सर्व तुमच्या मनाचे खेळ' असे सांगणे अन्यायाचे होय. उठण्या-झोपण्याच्या वेळा सांभाळाव्या. मळमळ असता थोडे थोडे, साधे खावे. सकाळी चालावयास जावे, पण डोके फिरत असताना दुचाकी चालवू नये किंवा विहिरीवर, गच्चीच्या काठावर कामे करू नयेत. मद्य वर्ज्य करावे. त्याने रात्र निभते आणि दुसरा दिवस अधिक वाईट जातो. झोपेसाठी शेजाऱ्याची गोळी घेणे तर मुळीच नको.

एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, मात्रा, आणि त्या दिवशी काय जाणवले ते दोन ओळींत लिहावे. महिन्याभरात या वहीतून लाटेसारखा एक आकार दिसू लागतो: पायरीनंतर चढ, मग उतार. हा आकार दिसला की रुग्णाची भीती कमी होते, आणि वैद्यालाही आजार व विराम यांतील भेद करता येतो. घरातील एका व्यक्तीला, सर्वांना नव्हे, ही योजना आधीच सांगून ठेवावी. चिडचिड झाली तर त्या व्यक्तीने शब्दाला शब्द वाढवू नये, आणि रुग्णाला स्वतःला न जाणवणारा बदल, उदाहरणार्थ तीन आठवडे चाललेली अबोल उदासी, वैद्याच्या कानावर घालावा.

औषध उतरत असताना मनाला दुसरा आधार मिळाला तर उपयोग होतो, याला पुरावा आहे. २०१५ साली इंग्लंडमधील ४२४ व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात निम्म्यांना सजग ध्यानावर आधारलेले मानसोपचाराचे वर्ग देऊन औषध कमी करण्यास साहाय्य केले, निम्म्यांचे औषध चालू ठेवले. दोन वर्षांत पहिल्या गटातील शेकडा ४४ आणि दुसऱ्यातील शेकडा ४७ जणांना आजार परतला. म्हणजे दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरले. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे वर्ग नाहीत, हे खरे. पण समुपदेशकाकडे महिन्यातून दोनदा जाणे अनेक शहरांत शक्य आहे, आणि भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर, कोणत्याही वेळी, विनामूल्य व भारतीय भाषांत बोलता येते.

ज्यांना नैराश्याचे तीव्र झटके वारंवार आले आहेत, ज्यांनी पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, किंवा ज्यांच्या मनाचा लंबक खिन्नतेकडून उन्मादाकडे झुकतो, त्यांच्यासाठी औषध चालू ठेवणे हाच योग्य निर्णय असू शकतो. मधुमेही जसा वर्षानुवर्षे औषध घेतो तसेच हे, आणि त्यात उणेपणा नाही. तसेच औषध उतरविताना मृत्यूचे विचार येऊ लागले, अंगात न मावणारी अस्वस्थता येऊन एका जागी बसवेना, किंवा झोपेवाचून विलक्षण उत्साह संचारला, तर पुढील भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्य गाठावा.

शेवटची मात्रा संपल्यानंतरही वैद्याची भेट ठरवून घ्यावी: एक महिन्याने, मग तीन, मग सहा महिन्यांनी. परतणारा आजार पुष्कळदा याच काळात डोके वर काढतो, आणि लवकर ओळखला तर लवकर आटोक्यात येतो. कपाटात उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नयेत किंवा दुःखी दिसणाऱ्या नातलगाला देऊ नयेत. त्या औषधाच्या दुकानात नेऊन त्यांची विल्हेवाट कशी लावावी ते विचारावे. वही मात्र ठेवावी. पुढे कधी पुन्हा औषधाची गरज पडली, तर कोणत्या पायरीवर किती दिवस थांबावे लागले होते, हे नव्या वैद्याला तिच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.